काकांसाठी प्रार्थनेची विनंती

१२ ऑगस्ट

प्रिय ताई,

सलाम, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहून झालं असं समज. मला एकदम मुद्द्यावर यायचंय. आत नुसतं खदखदतंय. कागदाला पीठ लागलंय तेवढं झटकून घे.

मी कॉलेज सोडून बेकरीत लागलो, हे आईने तुला कळवलंच असेल. कारण म्हणून मी सगळ्यांना सरांशी झालेलं भांडण सांगतो. भांडण झालं हे खरं आहे. पण वर्गाच्या खिडकीतून समोरच्या बेकरीचं काउंटर दिसायचं आणि काउंटरवर ती बसायची, हेही तितकंच खरं आहे. मग मी काय करणार होतो? खिडकी बंद करणार होतो?

बेकरी तिच्या वडिलांची. मी त्यांना काका म्हणतो. ते आपल्याच चर्चच्या मंडळीतले. आम्ही इथे राहायला आल्यापासून तू आलेली नाहीस, म्हणून सांगतो: आमच्याकडे प्रभुभोजनाला बाजारातला पाव नसतो. महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी काका आदल्या दिवशी एक मोठा गोल पाव भाजतात. पाळकसाहेब तो सगळ्यांसमोर मोडतात, मग ताट रांगेरांगेतून फिरतं. पाव इतका मऊ असतो की लहान मुलं दुसरा तुकडा मागतात आणि आयांचे चिमटे खातात.

तर मी तिला विचारलं. ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "विचार करून सांग." ती म्हणाली, "विचार करूनच सांगितलं, आता ट्रे उचल." आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी मला भट्टीवरून काढून मागे गोदामात मैद्याच्या पोत्यांवर टाकलं. काउंटर दिसणारच नाही अशा जागी! मी काय दूधखुळा आहे? नकार कोणी शिकवला ते मला कळलं.

पण तू म्हणतेस ना, राग आला की गुडघे टेक. मी तेच केलं. बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कोणाची काही विनंती?" आणि मी उभा राहिलो. म्हटलं, "ज्या भावाच्या हातचा पाव आपण प्रभूच्या मेजावर मोडतो, त्या भावासाठी प्रार्थना करा. पत्नी गेल्यापासून त्यांना प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की पीठ फुगलं असेल का, एवढंच मनात येतं, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं." काका स्वतः बुधवारी येत नाहीत, भट्टी असते. मग शिवणवाल्या मावशी रडायला लागल्या. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुसऱ्याचं ओझं वाहणारी पोरं हवीत."

ताई, घरी येताना मला फार हलकं वाटलं. बघ, तुझा तडतड्या सुधारतोय.

तुझा,
तडतड्या

१८ ऑगस्ट

प्रिय तडतड्या,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र वॉर्डातून सुटून आल्यावर गणवेश न बदलताच वाचलं. तू लहानपणी रागावलास की वाटी फेकायचास, आणि ती नेमकी माझ्या पायावर पडायची. त्या पोराने राग गिळून कोणासाठी तरी प्रार्थना मागितली, हे वाचून माझे डोळे भरले. कॉलेज सोडल्याबद्दल चार शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्या आता पुढच्या पत्रात.

काकांचं वाचून मला राहवलं नाही. आमच्या इस्पितळात ड्युटी बदलायच्या वेळी आम्ही काही नर्सेस औषधांच्या खोलीत उभ्या उभ्या प्रार्थना करतो. तिथे मी सांगितलं. आमच्या मोठ्या सिस्टर एरवी थर्मामीटर फुटला तरी आठवडाभर सुनावतात, पण त्याही हळव्या झाल्या. मग सगळ्यांनी मिळून एक कार्ड लिहिलं आणि सह्या केल्या. तुझ्या पाकिटावर बेकरीचा पत्ता होताच. कालच्या टपालाने पाठवलं आहे. त्यांना कळू दे की कुठेतरी लांब अनोळखी माणसंही त्यांचं नाव घेतात.

एक विचारू? त्या मुलीच्या नकाराबद्दल तू अगदी थोडं लिहिलंस, आणि सभेतलं मात्र रंगवून. एरवी तू उलटं करतोस. सहज विचारलं.

तुझी,
ताई

२६ ऑगस्ट

प्रिय ताई,

कार्ड पाठवण्याआधी मला विचारायचं तरी होतंस!

चिडून लिहितोय, माहीत आहे. पण इथे काय काय चाललंय ते ऐक. त्या बुधवारनंतर बेकरीत लोक पावासाठी यायचे बंद झाले आणि काकांसाठी यायला लागले. पाव घेतातच, पण घेताना आवाज असा करतात जसा तुझ्या इस्पितळात पेशंट झोपला असताना करतात. गुरुवारी कोणीतरी काउंटरवर दुःखात देव कसा भेटतो याची पुस्तिका ठेवून गेलं. शुक्रवारी तीच पुस्तिका दुसऱ्या कोणीतरी ठेवली. निवृत्त मास्तरांनी काकांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही, मागे रांग लागली. काका म्हणाले, "मास्तर, हाताला लोणी आहे." मास्तर म्हणाले, "असू दे, असू दे," आणि आणखी घट्ट धरला.

काकांनी मला अजूनपर्यंत काहीही विचारलेलं नाही. ती तर माझ्याकडे बघतही नाही. ट्रे सुद्धा माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवते, मग मी उचलायचा.

आणि आता खरी गोष्ट. पाळकसाहेब आणि मंडळीचे पंच परवा घरी आले. आईने नवीन कप काढले. ते म्हणाले, भावावरचा भार सध्या हलका करावा असं सगळ्यांना वाटतं, मनाची अशी अवस्था असताना त्यांच्याकडून मेजाचा पाव करवून घेणं बरं नाही. तेव्हा पहिल्या रविवारचा पाव मी करावा. मी! आईला इतका अभिमान वाटला की तिने शेजारी जाऊन सांगितलं.

मी 'हो' म्हणालो, ताई. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, खोटं नाही सांगत. पण तेवढ्यात पंच म्हणाले, "याच्या मनात प्रार्थनेचं वरदान आहे," आणि माझं तोंड 'हो' म्हणून बंद झालं.

सकाळी काकांना सांगायला गेलो तर त्यांना आधीच कळलं होतं. ते पीठ चाळत होते. म्हणाले, "बरं झालं. मीठ विसरू नकोस, नवशिके मीठ विसरतात." एवढंच. निदान ओरडायचं तरी! मला कोणी ओरडलं की मी उलटा ओरडू शकतो, ते मला येतं. हे मला येत नाही.

हे लिहीत होतो तेवढ्यात पोस्टमन आला. तुमचं कार्ड. काकांनी गिऱ्हाइकांसमोरच उघडलं, कारण त्यांना वाटलं यीस्टवाल्याची जाहिरात आहे. वाचलं. चष्मा काढून एप्रनला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग कार्ड तराजूच्या बाजूला उभं करून ठेवलं आणि मला विचारलं, "तुझी ताई नर्स आहे ना?"

मी हो म्हणालो. ते म्हणाले, "अक्षर छान आहे."

तडतड्या

२७ ऑगस्ट

आदरणीय सिस्टर,

तुमचं आणि तुमच्या सोबतिणींचं कार्ड मिळालं. आभार. पत्र लिहायची मला सवय नाही, चूकभूल समजून घ्यावी.

माझी पत्नी शेवटी इस्पितळातच होती, म्हणून नर्सेसबद्दल मला फार आदर आहे. तुमच्यासारख्याच एकीने तिचे केस विंचरून दिले होते, कोणी सांगितलं नसताना. त्यामुळे तुमच्या कार्डाचा राग आला असं अजिबात समजू नये.

तुम्हाला माझ्याबद्दल कसं कळलं ते मी विचारत नाही. मुलगा मनाने वाईट नाही. आमच्या भट्टीसारखा आहे, दार उघडलं की भपकन तोंडावर येतो. त्याच्या हातून एकदा पूर्ण घाणा करपला आणि एकदा स्वतःचं मनगट भाजलं, कारण लक्ष काउंटरकडे. म्हणून मी त्याला काही दिवस पोत्यांवर ठेवला. त्याने ते मनाला लावून घेतलं असावं.

तुम्ही देवाजवळ माझं नाव घेता तर एवढंच सांगतो की त्या दिवशी मी मुलाशी बोललो ते अर्धंच तुमच्यापर्यंत आलेलं दिसतं. राहिलेलं अर्धं त्याच्याकडे आहे. मी ते आता पुन्हा सांगणार नाही. एकदा सांगून बघितलं.

सगळ्या सिस्टरांना सलाम सांगावा.

आपला,
बेकरीवाला

३० ऑगस्ट

तडतड्या,

काकांचं पत्र सोबत पाठवते आहे. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? मी ते वॉर्डातल्या बाकावर बसून वाचलं, आणि एका आजोबांनी मला विचारलं, "सिस्टर, कोणी गेलं का?" कोणी गेलं असतं तर निदान सांगता आलं असतं.

मी पेशंटचा कागद त्याच्या सख्ख्या भावालाही दाखवत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं, कधी विसरले नाही. आणि एका माणसाचं दुःख, जे मला सांगितलेलंही नव्हतं, ते मी औषधांच्या खोलीत सगळ्यांना वाटलं, वरून कार्ड पाठवून त्यालाच कळवलं की बघा, आम्हाला सगळं ठाऊक आहे. डोळे मिटून बोललं की ते बाहेर जात नाही असं वाटलं का मला? मला खरंच तसं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते.

काल ड्युटी बदलताना मी सांगून टाकलं, "त्या बेकरीवाल्यांची गोष्ट माझ्या तोंडून यायला नको होती." मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मग आता तुझ्यासाठी प्रार्थना करायची का?" आणि डोळे मिटायला लागल्या. मी म्हटलं, "नको! माझ्याबद्दल कोणाला काही सांगूही नका." पहिल्यांदाच मी त्यांच्यावर आवाज चढवला.

आता तू. तुला एकच प्रश्न आहे. राहिलेलं अर्धं काय होतं?

मला नाही लिहिलंस तरी चालेल. पण तुला ते माहीत होतं आणि तू गिळलंस, हे मी इथून बघू शकते. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते: सभेत उभा राहून माफी मागू नकोस. उभं राहिलं की तुला छान वाटतं. लोक रडतील, पुन्हा कोणीतरी डोक्यावर हात ठेवेल, आणि काका पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होतील. ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं त्यांच्या घरी जा. एकटा जा. आणि काकांकडे सगळ्यात आधी.

आणि तो पाव तू करणार नाहीस.

ताई

५ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र गोदामात पोत्यावर बसून वाचलं. काकांचं दोनदा वाचलं. मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे, तो समोर दिसत होता आणि तरी मला पोत्यांचं कारण कधी सुचलं नव्हतं.

राहिलेलं अर्धं आता लिहितो. तुला लिहायलाच हवं, नाहीतर माझ्याकडे ते तसंच सडेल. काका म्हणाले होते, "डोळे मिटले की पीठ फुगलं असेल का तेवढंच मनात येतं. पण मेजाचा तो एक पाव मळतो ना, तेव्हा ती बाजूला उभी आहे असं वाटतं. ती असायची तेव्हा तीच शेवटची थाप मारायची. तेवढा वेळ देवही आहे असं वाटतं. बाकी दिवस नाही." सभेत उभा राहिलो तेव्हा हे सगळं मला आठवत होतं. वाक्य जिभेवर होतं. पण ते सांगितलं असतं तर काका चांगले दिसले असते, आणि मला त्या दिवशी ते चांगले दिसायला नको होते. म्हणून मी आधीच थांबलो. आणि त्या थांबण्यामुळे पंचांनी त्यांच्याकडून नेमका तोच पाव काढून घेतला.

ती प्रार्थना नव्हती, ताई. मी देवाच्या नावाने चहाडी केली.

शनिवारी सकाळी गेलो. काउंटरवर तीच होती. मी म्हटलं, "काकांशी बोलायचंय." ती म्हणाली, "का, आणखी काही ऐकायचं राहिलंय?" मी म्हटलं, "मला वाटलं होतं त्यांनीच तुला नाही म्हणायला लावलं." तिने हातातली पिशवी ठेवली. म्हणाली, "बाबांनी? बाबा तर तुझी वकिली करत होते. पोरगा तापट आहे पण कामाला प्रामाणिक आहे, म्हणे. नाही मी म्हटलं. माझं मी. मला तू आवडत नाहीस, एवढी साधी गोष्ट आहे, त्यासाठी कोणी शिकवावं लागत नाही." मग पिशवी पुन्हा उचलत म्हणाली, "तेव्हा नुसता आवडत नव्हतास."

पुढचं तिने सांगितलं नाही. मला कळलं.

काका आत पीठ मळत होते. मी दारातच म्हणालो, "काका, मला माफ करा. मी रागाने केलं. तुम्ही जे सांगितलं त्यातलं अर्धं मुद्दाम खाल्लं." ते मळतच राहिले. मी म्हटलं, "उद्या प्रभुभोजन आहे."

तेव्हा ते थांबले. "म्हणजे उद्याच्या आत माफी हवी आहे?"

ताई, कोणी भर रस्त्यात थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. कारण खरं होतं. मला स्वच्छ होऊन ताटाला हात लावायचा होता, घाई त्याचीच होती.

ते म्हणाले, "मी रागावलेलो नाही. वेळ लागेल, एवढंच. आता तुझ्याशी बोलताना मी आधी विचार करतो, की हे बाहेर गेलं तर? तुझ्याशी असं बोलायला मला आवडत नाही. भट्टीपाशी बोलायला दुसरं कोण आहे मला?" मग म्हणाले, "जा, पुढचा ट्रे काढ. करपेल." मी काढला. करपला नव्हता.

दुपारी घरोघर गेलो. शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, "अरे, प्रार्थना ती प्रार्थना. देवाने ऐकली असेल." मी म्हटलं, "मावशी, मी काकांवर चिडलो होतो म्हणून उभा राहिलो." त्यांनी मशीन थांबवलं. "म्हणजे मी रडले ते कशासाठी?" त्यांनी मला पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मास्तरांनी दार अर्धंच उघडलं आणि ऐकून झाल्यावर तेवढंच बंद केलं. पंच म्हणाले, "हे तू आधी सांगायला हवं होतंस," आणि मग स्वतःच खाली बघायला लागले, कारण विचारायला काकांकडे त्यांच्यापैकीही कोणी गेलं नव्हतं.

मग पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ज्या हाताने माझ्या डोक्याला स्पर्श केला होता तो हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली घेतला. म्हणाले, "मी त्याचा पाळक आहे. त्याची पत्नी गेल्यावर एकदा गेलो, फुलं ठेवली, आणि नंतर पाव आणायला माणूस पाठवत राहिलो." लगेच सायकल काढून बेकरीत गेले. काकांना म्हणाले, पाव तुम्हीच करा, आमचं चुकलं. काका म्हणाले, "उद्या नको, साहेब. आज मळायला घेतलं तर सगळी मंडळी उभी आहे असं वाटेल. मला ती एकटी हवी असते."

मीही करणार नाही म्हणून सांगून आलो होतो. आईला कारण सांगितलं. तिला पुन्हा शेजारी जाऊन सांगावं लागलं, आणि ती गेली. घरी आल्यावर तिने नवीन कप परत कपाटात ठेवून दिले.

तर काल मेजावर बाजारातला पाव होता. कापलेला, चौकोनी. पाळकसाहेबांना तो मोडता येईना, नुसता चुरा पडत होता. सगळे बघत होते आणि सगळ्यांना कारण माहीत होतं.

मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. गाणं चालू असताना कोणीतरी शेजारी येऊन बसलं. काका. हाताला यीस्टचा वास. आमच्यात गाण्याचं एकच पुस्तक होतं, ते मी मध्ये धरलं. त्यांनी गायलं नाही, फक्त ओळींवर बोट फिरवत राहिले.

ताट आलं. मी न घेता त्यांच्याकडे दिलं. त्यांनी एक तुकडा घेतला आणि ताट पुढे पाठवलं. मी मान खाली घालून बसलो होतो. काहीतरी खरखरीत तळहाताला लागलं. त्यांनी स्वतःचा तुकडा मोडून अर्धा माझ्या हातात ठेवला होता.

मी मान हलवली. नको. मला नाही जमणार.

ते माझ्या कानाशी आले. "घे रे. इतका कोरडा पाव एकट्याला गिळवणार नाही."

मी हसणार होतो, पण ते झालं नाही. मी तो तुकडा तोंडात ठेवला आणि खरंच तो उतरत नव्हता. काकांनी आपला खाल्ला, डोळे मिटले. काय आलं त्यांच्या मनात ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं तरी ते तुला लिहिणार नाही.

तुझा,
तडतड्या